अर्रिबेल्त्समधली जागा

घराण्याचा खरा वारसा जमीनजुमल्यात नसतो. तो रक्तातून वाहत येतो आणि वेळ आली की योग्य माणसाच्या हातात आपोआप उतरतो, असं सेबेरो इरिगोयेन आयुष्यभर सांगत आला. ऐकणाऱ्यांना ते पटायचं, कारण सांगताना त्याच्या हातात बहुधा डाव असायचा आणि ताटं वाढायची राहिलेली असायची. इरिगोयेनांचा वारसा म्हणजे अर्रिबेल्त्स नावाच्या जेवणाच्या मंडळातली एक जागा. जागा म्हणजे भिंतीवरची एक खुंटी, तिच्यावर नावाची पट्टी, खाली लटकलेला एप्रन आणि स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या दोनोस्तियाच्या जुन्या भागातल्या एका तळघराची किल्ली. त्या तळघरात पुरुष स्वयंपाक करत. बायकांना तिथे बसून जेवायची मुभा होती, चुलीपाशी जायची नव्हती. सेबेरोच्या बापानं ही जागा सासऱ्याकडून मिळवली होती, सेबेरोनं बापाकडून. फेब्रुवारीत सेबेरो वारला तेव्हा मात्र ती कुणाच्याही हातात आपोआप उतरली नाही. मधेच अडकून बसली.

मंडळाची रीत साधी होती. सभासद गेला की घरच्यांनी एक माणूस आत पाठवायचा. त्यानं गेलेल्याच्या हातचा पदार्थ सगळ्यांना करून वाढायचा. जो वाढील, खुंटी त्याची. कुणाला पाठवायचं हे घरच्यांनी आपसांत ठरवावं. मंडळ त्यात पडत नसे. मंडळ जेवायला बसत असे.

सेबेरोचा मुलगा केपा सारागोसाहून शुक्रवारी दुपारी बसनं आला. स्टँडवरून ग्रोस भागातल्या घरापर्यंत तो चालतच गेला, कारण दोनोस्तियाच्या त्या भुरभुर पावसात चालणाऱ्या माणसाचा चेहरा ओला दिसला तर कुणी कारण विचारत नाही. नदीला भरती होती. पाणी उलटं, गावाकडे येत होतं. मार्च लागून आठवडा झाला होता आणि झाडांनी अजून कसलाही निर्णय घेतलेला नव्हता.

दार मायशाबेलनं उघडलं. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण. तिनं आधी त्याच्या गालांना गाल लावले आणि मग खाली पाहिलं.

"एवढी मोठी बॅग? दोन दिवसांसाठी?"

"थंडी आहे."

"थंडीसाठी कोट आणतात, केपा. बिऱ्हाड नाही."

आमा खिडकीशी बसली होती. या घरात आईला आमा आणि वडिलांना आइता म्हणत. फेलिसा, वय एक्याऐंशी, चार आठवड्यांची विधवा. टेबल पूर्वी भिंतीला टेकलेलं असायचं, ते आता खिडकीपाशी आलं होतं, आणि त्याच्याजवळ एकच खुर्ची होती. तिनं केपाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, वाळलास म्हणाली आणि तो आत वळला तशी घाईनं म्हणाली, "तुझ्या खोलीत जाऊ नकोस. तिथे डोंगर आहे."

डोंगर खरोखर होता. केपाच्या पलंगावर प्लायवूडची फळी टाकलेली आणि फळीवर तुकडे जुळवायचं एक भलंमोठं चित्र पसरलेलं. पायथ्याचं गाव झालं होतं, चर्च झालं होतं, गाई झाल्या होत्या. आकाश राहिलं होतं. आकाशाचे तुकडे एका ताटात काढून ठेवले होते आणि ते सगळे एकाच निळ्या रंगाचे होते.

"हे कधीपासून?"

"तुझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. टेबलावर मांडलं असतं, पण तिथे मी जेवते."

"मग मी झोपू कुठे?"

"सोफा आहे ना. दोन रात्रींचा तर प्रश्न."

केपानं बॅग सोफ्यामागे सरकवली. ती सोफ्यामागे मावली नाही.

बाल्कनीत अन्सेल्मो, मायशाबेलचा नवरा, एका मोठ्या टोपावर वाकून उभा होता. टोपात बाकालाव भिजत होता: खारवून लाकडासारखा वाळवलेला मासा. तो दोन दिवस पाण्यात ठेवून, पाणी बदलत बदलत माणसात आणावा लागतो. सेबेरोच्या हातचा पदार्थ म्हणजे हाच, बाकालावचा पिल-पिल. लसूण, ऑलिव्हचं तेल आणि मासा, बाकी काही नाही. भांडं मंद आचेवर गोल गोल हलवत राहायचं, आणि माशातला चीक आणि तेल एकमेकांत मिळून आले की पांढरा दाट रस तयार होतो. नाही आले तर तेल तेलाच्या जागी आणि मासा माशाच्या जागी राहतो.

"पाणी बदलायला झालंय, दोन्या फेलिसा," अन्सेल्मोनं आत हाक दिली. तेहेतीस वर्षं जावई असून तो सासूला दोन्याच, म्हणजे बाईसाहेबच, म्हणायचा. तो बुर्गोसचा.

"झालं की मी बदलीन. टोपातनं बोट काढ."

सगळे बसले. बसले म्हणजे आमा खुर्चीवर, बाकीचे सोफ्यावर एका रांगेत, दवाखान्यात बसावं तसे.

"उद्या आत केपा जाईल," फेलिसा म्हणाली. "सेबेरोचं रक्त आहे त्याच्यात."

"रक्त आहे, आमा, पण त्याला अंडं उकडता येत नाही," मायशाबेल म्हणाली. "मागच्या नाताळात यानं कॉफीचं भांडं पाण्याशिवाय गॅसवर ठेवलं. छताला अजून डाग आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"तो वरच्यांच्या न्हाणीघराचा आहे," केपा म्हणाला.

"अन्सेल्मो घरी बाकालाव करतो. चांगला करतो. आइतालाही आवडायचा."

"तुझ्या आइताला दुसऱ्याच्या हातचं काहीही आवडायचं," फेलिसा म्हणाली. "आणि हा बुर्गोसचा माणूस. यानं समुद्र पाहिला तो स्वतःच्या लग्नात."

"माफ करा, दोन्या फेलिसा, पण बाकालाव मुळात आमच्याकडचाच," अन्सेल्मो नम्रपणे म्हणाला. "मासा खारवून वाळवतात कशासाठी? समुद्र नसलेल्यांपर्यंत पोचावा म्हणून. तुमच्या दारात ताजा मासा उड्या मारतोय आणि तुम्ही..."

"अन्सेल्मो."

"मी फक्त भूगोल सांगतोय, मायशाबेल."

"तुला काय वाटतं?" फेलिसानं केपाला विचारलं.

केपानं बसमध्ये या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. त्यात आत्मसन्मान होता, थोडी बेफिकिरी होती, आणि शेवटी, सगळ्यांचा आग्रहच असेल तर, अशी एक माघार होती. आता ते आठवेना. "बघू," तो म्हणाला. इरिगोयेनांच्या घरात बघू म्हणजे हो, हे फेलिसाला माहीत होतं. ती समाधानानं उठली आणि टोपाचं पाणी बदलायला गेली.

मायशाबेलनं कोट चढवला. "चल, फिरून येऊ," ती केपाला म्हणाली. या घरात फिरून येऊ म्हणजे काय, हे केपालाही माहीत होतं.

समुद्राच्या भिंतीवर वारा होता. खाली सुरिओलाच्या किनाऱ्यावर काळ्या रबरी कपड्यांतली पोरं फळ्या घेऊन लाटांची वाट पाहत होती. पाणी आणि आकाश यांत फरक करायची तसदी त्या दिवशी कुणी घेतली नव्हती.

"हे बघ," मायशाबेल म्हणाली, "तुला ते नकोय. तू वर्षातनं दोनदा येतोस, आलास की घड्याळ बघतोस. तू नाही म्हण. आमा दोन दिवस रुसेल, मग विसरेल."

"आइताची जागा आहे ती."

"आइताची जागा आता आइताबरोबर पोल्लोएच्या टेकडीवर दफनभूमीत आहे. मी खुंटीचं बोलतेय." ती थांबली आणि कठड्याला टेकली. "केपा, तो घरी असतो."

"कोण?"

"अन्सेल्मो. रेल्वेतून सुटला तेव्हापासून. दिवसभर. त्यानं माझे डबे उंचीप्रमाणे लावलेत. जिरं सापडत नाही, पण रांग सरळ आहे. मी कांदा चिरायला घेतला की मागे येऊन उभा राहतो. बोलत नाही काही. नुसता श्वास घेतो."

"सांग ना त्याला."

"काय सांगू? श्वास घेऊ नकोस?" ती हसली, पण हसू वाऱ्यानं नेलं. "मला ती जागा हवीय ती त्याला कुठेतरी घालवायला. गुरुवारी, शनिवारी, जमलं तर मंगळवारी. तू तिला वारसा म्हणतोस. मी तिला दुपार म्हणते."

केपानं समुद्राकडे पाहिलं. एक पोरगा फळीवर उभा राहिला आणि लगेच पडला.

"मला परत यायचंय," तो म्हणाला.

"चल मग, भिजशील."

"घरी नाही. इथे. कायमचं."

मायशाबेल त्याच्याकडे वळली. "एन्कार्ना?"

"वेगळे झालो आम्ही. फ्लॅट तिच्या नावावर होता. आता तिच्याकडेच आहे."

"आणि पेपर?"

"सप्टेंबरात बंद पडला. शेवटच्या अंकात सगळ्यांची नावं छापली. मुद्रितशोधक म्हणून माझंही. चुकीचं."

"म्हणजे तू इतके महिने..."

"एका माणसाच्या घरात खोली घेतलीय. तो कवळ्या बनवतो. बोळात लोकांचे जबडे वाळत घातलेले असतात."

पाऊस थांबला नाही, पण त्यानं आवाज कमी केला. केपा बोलत राहिला, कारण एकदा सुरू केल्यावर थांबण्यात काही अर्थ नव्हता. "या गावात माझं काही उरलेलं नाही, मायशाबेल. शाळा पाडली. बरोबरचे कुठे कुठे गेले. घर घ्यायचं तर नाव काढू नये. ती एक खुंटी आहे. आडनाव लिहिलेली. मला आठवड्यातून एकदा उघडायला एक दार हवंय, जिथे आत गेल्यावर, आपण कोण, असं कुणी विचारणार नाही. एवढंच. मी बाकालाव शिकेन. बसमध्ये वाचत आलो."

मायशाबेलच्या चेहऱ्यावर दया आली. दया थोडा वेळ तिथे थांबली. मग ती उठली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

"आमाजवळ राहशील?"

"तिला चालणार असेल तर."

"न चालायला काय झालं! पोटचा पोरगा." तिनं त्याचा दंड धरला. "मी रोज जाते, केपा. रोज. बाजार, गोळ्या, बँक, शनिवारी केस. ती माझ्याशी बोलतही नाही धड, ते चित्र जुळवत बसते, आणि मी पलंगाशी उभी. तू राहिलास तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. पण तिचा हात त्याच्या दंडावर गरम झाला. "मी अन्सेल्मोशी बोलते. उद्या तू जा आत."

"आणि तो घरी बसेल, त्याचं काय?"

"तो घरी बसेल. मी बाहेर जाईन. आमाकडे जायचा वेळ वाचेल ना? त्यात जाईन कुठेही. मुद्दा एका घरात दोघं नसण्याचा आहे."

बहीणभाऊ परत निघाले ते एका छत्रीखाली. लहानपणानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. छत्री मायशाबेलच्या हातात होती, त्यामुळे केपाचा डावा खांदा भिजला, पण त्याची त्याला तक्रार नव्हती.

शनिवारी सकाळी मायशाबेल लवकर आली, केसांना कंगवा न लावता. केपा सोफ्यावर उठून बसला होता. रात्रभर त्याला बॅगेचं एक चाक टोचत होतं. फेलिसा बाल्कनीत टोपाचं शेवटचं पाणी काढत होती.

"आमा, एक चांगली बातमी आहे!" मायशाबेल दारातूनच म्हणाली. "केपानं तुला सांगितली नसणार, लाजरा आहे. तो परत येतोय. इकडेच. तुझ्याजवळ राहायला."

फेलिसानं माशाचा एक तुकडा उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला.

"किती दिवस?"

"कायमचा, आमा! म्हणून तर अन्सेल्मोनं माघार घेतली. आत केपाच जाणार, तू म्हणालीस तसंच."

फेलिसानं टोपावर झाकण घातलं. झाकण नीट बसलेलं असूनही तिनं ते एकदा फिरवलं.

"आत अन्सेल्मो जाईल," ती म्हणाली.

"अगं पण कालच तू..."

"मायशाबेल, पाव आण."

"पाव आहे. हा काय."

"दुसरा आण."

मायशाबेल गेली. जिन्यात तिची पावलं सगळा वेळ ऐकू येत होती, आणि ती मुद्दाम वाजत होती. फेलिसा आत आली. एकुलत्या खुर्चीवर बसण्याऐवजी ती सोफ्यावर केपाशेजारी बसली. केपाला ते चांगलं लक्षण वाटलं. नव्हतं.

"तुझ्या वडिलांच्या हातचं तू किती वेळा जेवलास?"

"आता असं कसं... पुष्कळदा. सणाला. सान सेबास्तियानच्या दिवशी."

"ते मंडळात. घरी?"

केपानं विचार केला. मोजायला उघडलेलं एकही बोट मिटलं नाही.

"या शहरातला सगळ्यात चांगला स्वयंपाकी," फेलिसा म्हणाली. "मला लोक सांगायचे. अंत्यविधीलाही सांगितलं, रांगेत उभं राहून, एकेकानं. मी त्याच्या हातचं दोनदा जेवले. दोन्ही वेळा त्या तळघरात. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग घरी आलो. यानं बूट काढले आणि विचारलं, रात्रीला काय आहे?"

"आमा, मी तसा नाही. मी स्वतःचं स्वतः करीन. बाजार, भांडी..."

"करशील की. पहिला महिना." ती रागावलेली नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. "मग तुझा चेहरा बघून मीच सूप करीन. एकदा केलं की रोज करीन. तू खिडकीशी बसशील. मी विचारीन, कुठे गेला होतास? तू म्हणशील, कुठे नाही. आणि मी ऐकत बसेन, तू कुठे गेला नव्हतास ते."

केपानं ते सगळं मनात एकदा वाचून पाहिलं. त्याला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना, आणि दुरुस्त्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"परवा रात्री मी दुधात पाव कुस्करून खाल्ला. उभ्यानं, ओट्याशी. त्याच्या आदल्या रात्री काहीच नाही. कुणी विचारलं नाही. मला भूक लागली की मी जेवते, केपा. हे असं असतं हे मला ठाऊकच नव्हतं." तिनं मांडीवरून नसलेला चुरा झटकला. "तुला वाईट वाटेल हे ऐकून."

"वाटतंय."

"मलाही वाटतंय सांगताना. पण वाटून झालं की मी आत जाऊन आकाश लावीन."

"मला फक्त ती खुंटी..."

"ती मिळाली की तू इथे येणार. इथे म्हणजे या सोफ्यावर. दुसरीकडे कुठे राहशील? या गावात आता गाववाल्यांना कुठे परवडतंय? ये ना तू. नाताळला ये, ऑगस्टात ये. तू आलास की मला आनंदच होतो." ती थांबली. "गेलास की थोडा जास्त होतो. तुझाच काय, सगळ्यांचा."

मायशाबेल पाव घेऊन परतली तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांकडे न बघता.

"काय झालं?"

"ठरलं," फेलिसा म्हणाली. "अन्सेल्मो जातोय. केपाचंही तेच मत पडलं."

मायशाबेलनं भावाकडे पाहिलं. तिच्या नजरेत, बोल काहीतरी, गाढवा, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हो," केपा म्हणाला.

"हो काय? काल तू मला तिथे..." तिनं पाव टेबलावर आपटला. "छान. म्हणजे मी उद्याही येतेच, परवाही येते, आणि हा जाणार परत जबड्यांत. आमा, तुला कल्पना आहे का तो कुठे राहतो?"

"मला कल्पना आहे मी कुठे राहते," फेलिसा म्हणाली आणि कोट शोधायला गेली.

अर्रिबेल्त्सच्या तळघरात लाकडी टेबलं होती, पिवळे दिवे होते आणि दगडी भिंतींना कित्येक वर्षांच्या लसणीचा वास होता. इरिगोयेनांना मधल्या टेबलाशी बसवलं. सभासद एकेक करून येत, फेलिसाचा हात हातात घेत, सेबेरोसारखा हात पुन्हा होणे नाही, असं सांगून आपल्या जागी जात. जवळजवळ सगळ्यांची वयं सत्तरीच्या पुढची. एकाची ओळख अध्यक्षांनी, हा आमचा तरुण, अशी करून दिली. तो एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या हातात काठी होती.

अध्यक्ष चोमिन. गोल, लालबुंद, सेबेरोचा जुना मित्र. त्यानं सेबेरोचा एप्रन खुंटीवरून काढला आणि अन्सेल्मोच्या गळ्यात घातला. अन्सेल्मो ताठ उभा होता. एप्रन त्याला गुडघ्यांच्या खाली येत होता.

टेबलापासून चूल दिसत होती. मातीचं पसरट भांडं चढलं, तेलात लसूण तांबूस झाली, काढली गेली. मासे कातडं वर करून तेलात उतरले. मग अन्सेल्मोनं भांड्याचे दोन्ही कान धरले आणि हलवायला सुरुवात केली. म्हातारे माना लांब करून बघत होते. अन्सेल्मो हलवत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला, मग तो नाकावर आला. तेल स्वच्छ, सोनेरी आणि तेलासारखंच राहिलं.

"मिळून येत नाहीये," मायशाबेल पुटपुटली. कालपासून तिनं इतक्या बाजू बदलल्या होत्या, की आता नवरा फसावा की फसू नये हे तिलाच ठरवता येईना.

केपाला वाटलं होतं आपल्याला आत कुठेतरी बरं वाटेल. तो वाट बघत राहिला. तसं काही वाटलं नाही. एक साधा, सज्जन माणूस चाळीसेक डोळ्यांसमोर भांडं हलवत होता आणि ते भांडं त्याचं ऐकत नव्हतं, इतकंच.

शेवटी वाढलं गेलं. प्रत्येक ताटलीत माशाचा तुकडा, आणि भोवती तेलाचं तळं, त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा चुरा. अन्सेल्मो चुलीपाशी शिक्षा ऐकायला उभा राहावा तसा उभा राहिला. चोमिननं पहिला घास घेतला. डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"हुबेहूब," तो म्हणाला. "हुबेहूब सेबेरोचा."

टाळ्या वाजल्या. काठीवाल्या तरुणानं काठी आपटली. फेलिसानं रुमालानं ओठ टिपले.

"त्याचाही रस फुटायचा," ती केपाच्या कानाशी म्हणाली. "दोन्ही वेळा."

जेवणानंतर चीज आलं, अक्रोड आले, कुणीतरी गायला लागलं आणि कडव्याच्या मधेच विसरलं. अन्सेल्मो एप्रनसकट केपाजवळ येऊन उभा राहिला. नेहमीप्रमाणे थोडा वेळ त्यानं नुसता श्वास घेतला.

"केपा, माफ कर. मी काही ही जागा मागितली नव्हती."

"माहीत आहे मला."

"तिला वाटतं मला कुठेतरी जायला हवंय." त्यानं मायशाबेलकडे पाहिलं. ती कुणाला तरी सांगत होती, की आता गुरुवार आणि शनिवार पक्के. "मला घरी बरं वाटतं रे. ती कांदा चिरते ना, ते बघायला मला आवडतं."

केपा उठला. तो ताटल्या गोळा करून आत घेऊन गेला. तिथे जायला त्याला कुणी अडवलं नाही. मोरीपाशी चोमिन बाह्या सारून उभा होता. त्यानं केपाच्या हातात फडकं दिलं. चोमिन धूत होता, केपा पुसत होता. भिंतीच्या वरच्या कडेला असलेल्या झरोक्यातून रस्त्यावरचे ओले पाय जाता-येताना दिसत होते.

"तुला का नाही पाठवलं?" चोमिननं विचारलं. "सेबेरो नेहमी म्हणायचा, पोरगा येईल बघ एक दिवस."

"घरात तसं ठरलं. जागा एकच ना."

चोमिनचा हात पाण्यात थांबला. "एकच कसली?"

"एका घरातून एक. खुंटी जो वाढील त्याची."

"अरे, ती वारसाची झाली. सेबेरोची. बाकीच्यांचं काय?" त्यानं कोपरानं भिंतीकडे खूण केली. "चार रिकाम्या आहेत. कधीच्या. तरुण लोक फिरकत नाहीत, घरी पिझ्झा मागवतात. दोन वर्षांपूर्वी बायकांनाही घ्यायचं ठरवलं. रडतरखडत, पण ठरवलं. दारावर कागद लावलाय. एक आली नाही. म्हणतात, स्वयंपाक करायला आम्ही आणखी बाहेर कुठे येऊ?"

केपा ताटली पुसत होता. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"आइतानं कधी सांगितलं नाही."

"सांगणार कुठून? सभेत तो झोपायचा." चोमिननं पुढची ताटली त्याच्यापुढे धरली. "तू ये की. नाव सांग आणि दोन फोटो आण, झालं. राहतोस कुठे सध्या?"

बाहेर फेलिसा हातमोजे चढवत होती. मायशाबेल तिला धरायला पुढे झाली, तिनं तो हात बाजूला केला आणि एकटीच दाराकडे निघाली, भिंतीला बोटं लावत, सावकाश, कुणाचीही वाट न बघता.

"सारागोसाला," केपा म्हणाला.

"मग लांब पडेल तुला."

"हो."

अन्सेल्मोचं नाव त्याच संध्याकाळी पट्टीवर चढलं. इस्टर झाल्यावर त्यानं राजीनामा दिला आणि अर्रिबेल्त्समधल्या रिकाम्या जागा पाच झाल्या.